वाहून आलेली उशी

तस्करांनी समुद्रात टाकलेलं, चिकटपट्टीनं गच्च गुंडाळलेलं अमली मालाचं गाठोडं किनाऱ्यावर आलं, की गावानं "उशी लागली" म्हणायचं आणि पायानं परत पाण्यात ढकलायचं. हात लावायचा नाही.

जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यानं लावला. बायको गेल्यापासून घर नुसतं खायला उठायचं. त्यानं ती उशी विकली नाही, लपवलीही नाही; पलंगावर बायकोच्या बाजूला ठेवली आणि झोपला.

सकाळी शेजारीण दारातून म्हणाली, "आजोबा, किती दिवसांनी हसलात काल रात्री!"

"मी? मी तर पडल्या पडल्या झोपलो, बाई."

तो आत वळला. दगडासारख्या टणक उशीत डोक्याएवढा खळगा पडला होता.

"अगं?" तो पुटपुटला.

खळगा हळूहळू भरून आला, हाक ऐकून कुणी डोकं उचलावं तसा.