वीणा टेकली

"कुंडलिकाच्या हातात वीणा गेली, की मी उठलोच म्हणून समजा," धोंडीरामतात्या पुढच्या सतरंजीवरून म्हणाले. शेजाऱ्याशी बोलल्यासारखं म्हणाले, पण सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेतानं.

कुंडलिकानं मान वर केली नाही. तो टाळ वाजवत राहिला. अठरा वर्षांनी टाळ हातात आला होता, तो कुणाच्या बोलण्यानं खाली ठेवायचा नाही, असं तो घरून ठरवूनच आला होता.

सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीत सप्ताह बसला होता आणि आज त्याचा सहावा दिवस. दिवेलागणीला मांडवात पाय ठेवायला जागा उरली नाही. जेऊरची तीन पोरं आज पुन्हा एकत्र उभी राहणार होती. पोरं म्हणायची आपली सवय. तिघांनीही चाळिशी ओलांडली होती. रामहरी पुढं गायचा, कुंडलिक मागून चढा सूर धरायचा आणि धुळा मृदंगावर बसायचा. एकेकाळी ही तिघं येणार म्हटलं की करमाळ्याकडची माणसं हातातलं औत सोडून यायची. पुढं रामहरीचा रामहरीबुवा झाला, गावोगाव त्याची कीर्तनं होऊ लागली. कुंडलिक गिरणीत कापडाच्या मागावर उभा राहिला. धुळानं दोघांच्या घरी खेटे घालून घालून आजचा दिवस आणला होता.

बायकांत बसलेली सोनाबाई जेऊरहून आगगाडीनं आली होती आणि लग्नाआधी ऐकलेली त्यांची गाणी ज्याला त्याला सांगत होती. मागं उभी असलेली गिरणीतली तरणी पोरं मात्र हसत होती. एकाचं पोट सुटलंय, एकाचे दात पडलेत, आता यांनी घरी बसून नातवंडांना जोजवावं, असं त्यांचं चाललं होतं. मग रामहरीनं पहिली ओळ सोडली आणि कुंडलिकानं ती वरच्यावर झेलली. तो सूर असा काही उभा राहिला, की हसणाऱ्या पोरांनी डोक्यावरच्या टोप्या सारख्या केल्या. सोनाबाईनं पदर डोळ्याला लावला.

तात्यांचा मात्र चेहरा हलला नाही. सप्ताहाचे सात दिवस अन्नाला न शिवणारा माणूस. चाळीत निम्मी माणसं जेऊरचीच, आणि ती सगळं त्यांच्या तोंडाकडं बघून ठरवत. तात्या उठले तर निम्मा मांडव उठणार, हे रामहरीला ठाऊक होतं आणि कुंडलिकालाही.

सप्ताहात वीणा सात दिवस गळ्यातून गळ्यात फिरते. ती भुईला टेकवायची नाही. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पाया पडायचं, घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या. मग तो कुणी का असेना. त्या वेळेपुरता दोघांतही देवच उभा असतो.

अठरा वर्षांमागं, छप्पन्न साली, जेऊरच्या सप्ताहात वीणेचा दुपारचा पहारा कुंडलिकाचा होता. सगळं गाव पंगतीला बसलेलं. देवळात एक माणूस दर्शनाला आला आणि उन्हानं म्हणा, उपासानं म्हणा, त्याच्यासमोरच धाडकन पडला. त्याची दातखीळ बसली होती. वीणा गळ्यात ठेवून वाकता येईना. कुंडलिकानं ती खांबाला टेकवली, रांजणातलं पाणी आणलं, बोटांनी त्या माणसाचे दात उघडून घोट घोट आत सोडलं. माणूस उठून बसला. बाहेर पावलं वाजली तसा मागच्या दारानं निघूनही गेला. आपल्यापायी सप्ताह मोडला, असं व्हायला नको होतं त्याला.

आलेल्या लोकांना दिसली ती भुईला टेकलेली वीणा. कुणीतरी पडलं होतं, एवढंच कुंडलिक सांगत राहिला. कोण, ते त्यानं सांगितलं नाही. तो माणूस स्वतःहून पुढं येईल, अशी वाट पाहिली. कुणी आलं नाही. लोक म्हणाले, झोप लागली असंल आणि आता गोष्ट रचतोय. रामहरीनं त्याच दिवशी त्याला आपल्या मागं उभं राहायला बंदी केली. जेऊरच्या कुठल्याही देवळात पुन्हा कुंडलिकाच्या हाती कुणी टाळ दिला नाही.

आज वीणा गळ्यात पडली तर ती अठरा वर्षं पुसली जाणार होती.

गजर संपला. धुळानं मृदंगावरून मानेनं खूण केली. कुंडलिकानं टाळ कमरेला खोचला, पुढं आला आणि रामहरीच्या पायांवर डोकं ठेवलं. मग उठून दोन्ही हात पुढं केले.

रामहरीनं गळ्यातली वीणा काढली. त्याची नजर कुंडलिकावरून पुढच्या सतरंजीवर गेली. तात्यांचा एक हात भुईला लागला होता, उठायच्या बेतात. रामहरीनं उपरण्यानं तोंड पुसलं, फार थकल्यासारखा एक सुस्कारा सोडला आणि वीणा हळूच खाली, व्यासपीठाच्या फळ्यांवर ठेवली.



तात्या उठले. ते पुढं आले, खांद्यावरची शाल काढून तिची घडी केली, वीणेखाली सारली आणि वीणेला हात लावून तो कपाळाला लावला.

"बुवा दमले," ते लोकांकडं वळून म्हणाले. "माणूसच हाय की. घटकाभर टेकली वीणा, म्हणून पांडुरंग काय रुसतोय व्हय?"

रुसत न्हाई, रुसत न्हाई, असं चार जण म्हणाले. मग सगळ्या मांडवानं टाळ्या धरल्या आणि गजर उचलला. सोनाबाईसुद्धा म्हणू लागली.

कुंडलिकाचे हात अजून पुढंच होते. तो तात्यांच्या तोंडाकडं बघत होता. अठरा वर्षांमागं, भर दुपारी, त्याच तोंडात त्यानं घोट घोट पाणी सोडलं होतं.