पाऊणपट वेगाचा मेहुणा

“हे कुणाला खरं वाटणार नाही,” मुलाकडच्यांसमोर पोह्यांची बशी बाजूला ठेवत जनार्दनराव म्हणाले, आणि वसुधाताईंनी कपाळाला हात लावला. नवऱ्याच्या याच थापांनी लेकीची तीन स्थळं परत गेली होती.

“तरुणपणी मी रॉकेटनं पूर्वेला सुटलो, मेहुणा पश्चिमेला. दोघांचाही वेग प्रकाशाच्या पाऊणपट. म्हणजे मेहुणा माझ्यापासून प्रकाशाच्या दीडपट वेगानं पळत होता.”

“अहो, पोहे गार होताहेत,” वसुधाताई दातओठ खात म्हणाल्या. भौतिकशास्त्र शिकवणारी लेक जमिनीकडे बघत होती. मुलाची आई पर्स घेऊन उठलीच.

मुलगा मात्र बसून राहिला. “काका, हे साफ खोटं आहे. वेगांची अशी सरळ बेरीज होत नसते. मेहुण्यांचा वेग प्रकाशाच्या शहाण्णव टक्केच भरला असणार. आमच्या मामांचा तेवढाच भरला होता.”