श्रद्धांजलीतला फोटो

टीव्हीवरच्या पुरस्कार सोहळ्यासाठी बाबा दरवर्षी इस्त्रीचा झब्बा घालून बसतात. एके काळी ते सिनेमात नायकाच्या थोरल्या भावाची कामं करायचे.

यंदा दिवंगत कलावंतांना श्रद्धांजली सुरू झाली आणि मध्येच बाबांचाच फोटो आला. मी चिडून रिमोट उचलला.

"अगं, थांब! फोटो चांगला निवडलाय," बाबा हसले. "आता फोनवर फोन येतील बघ. मीच उचलणार. दचकतील लेकाचे!"

त्यांनी मोबाईल मांडीवर ठेवला. सोहळा संपला तरी तो वाजला नाही. बाबा सारखी रेंज बघत होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन हळूच मैत्रिणीला फोन लावला. "माझ्या बाबांना फोन कर ना. ते गेल्याचं टीव्हीवर बघितलं म्हण. आणि जमलं तर थोडं रड."