मेन स्विच

सोमवारी दवाखाना उघडताच आजोबा कुत्र्याच्या पिल्लाला उराशी धरून आले. रक्ताचे जुलाब बघून डॉक्टरीणबाईंचा पारा चढला. "पार्व्हो झालाय. लस चुकवायची, बिस्किटांवर वाढवायचं आणि मग धावत यायचं."

आजोबांनी लसीकरणाचं कार्ड पुढे केलं. "तुम्ही सांगितलेला अंडं-भातच घालतो, बाई. लसही तुम्हीच टोचलीत, तिन्ही वेळा."

कार्डावरच्या सह्या डॉक्टरीणबाईंच्याच होत्या. त्यांनी फ्रिज उघडला. लसीच्या कुप्या कोमट होत्या. आग लागू नये म्हणून रोज घरी जाताना मेन स्विच त्या स्वतःच्या हाताने बंद करत. काल तर रविवार होता.

"रागावू नका," आजोबा म्हणाले, "माझंच काही चुकलं असेल."

"तुमचं काहीही चुकलेलं नाही," त्या तशाच कडाडल्या. पिल्लाला सलाईन लावून त्यांनी लस दिलेल्या पिल्लांची वही ओढली आणि पहिला फोन लावला.