उष्ट्या हळदीची लढाई

शेखर व्याह्यांनी उष्ट्या हळदीचं ताट पाटासमोरून उचललं, तसा मांडवातला बँजो मधेच थांबला.

पाटावर बसलेल्या अक्षदाचा चेहरा खर्रकन उतरला. नवऱ्या मुलाच्या अंगाची ही हळद मुरबाडहून टेंपोत बसून तिच्यासाठी आली होती. तिच्या अंगाला लागली की लग्न पक्कं. न लागता माघारी गेली, तर लग्न मोडलं म्हणून समजा. आणि पोरगा तिला मनापासून आवडला होता.

भांडण कशावरून? ऐकाल तर कपाळावर हात मारून घ्याल! दूर कुठल्याशा दोन देशांच्या हाडवैरावरून. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी, शेखररावांनी, मोबाइलवर बातम्या लावल्या आणि मांडी थोपटली, "आज आमच्यावाल्यांनी पूल उडवला!" अक्षदाचा बाप शाम म्हणाला, "तुमच्यावाल्यांची पळापळ चाललीय, नीट बघा." आमचे आणि तुमचे! दोघांपैकी एकानंही तो देश नकाशातसुद्धा पाहिला नव्हता. शेखररावांचा लांबचा प्रवास म्हणजे नाशिक.

मग कुणीतरी कुणाला अडाणी म्हणालं. शाम उठला, म्हणून वाशिंदचा मामा उठला, कारण शाम त्याचा भावोजी. मामा उठला, म्हणून नवऱ्याकडचा आटगावचा काका बाह्या सरसावून पुढं आला. त्याला बघून इकडचा मांडववाला बांबू घेऊन धावला. मांडववाल्याला बघून टेंपोचा ड्रायव्हर हर्षित, जो कुणाचाच कुणी लागत नव्हता, त्यानंही गाडीतला पाना काढला. खुर्च्या पडल्या, सरबताचं पातेलं लवंडलं.

खुर्चीवर टाकलेल्या मोबाइलमधली बाई ओरडून सांगतच होती. एकाच्या मदतीला तिसरा देश उतरला, म्हणून दुसऱ्यासाठी चौथा. पाट्या-वरवंट्यावर हळद वाटत बसलेल्या सावळी धवलारणीला त्या बातमीतलं एवढंच समजलं. मांडवाकडं बघितल्यावर तिला तेवढं पुरे झालं.

सावळी सत्तरीची, अंगानं काडी, आवाजानं मात्र अख्खं शिवार गोळा करील अशी. चाळीस वर्षं ती लग्नात धवलं गात आली. तिनं गायलेलं एकही लग्न आजवर मोडलं नव्हतं. तिला मनातून धडकी भरली होती, पण तोंडावर तिनं ती दिसू दिली नाही. ती अक्षदाजवळ सरकली.

"रडू नको गो. हलू पन नको."

आणि हातातला वरवंटा दणकन पाट्यावर आपटून तिनं धवल उचललं.

सावळीच्या गाण्याची रीत अख्ख्या पंचक्रोशीला पाठ होती. धवल सुरू झालं की उभ्यानं ऐकायचं नाही. नाव आल्याशिवाय उठायचं नाही, आणि नाव आलं की उठून हळद लावायलाच हवी. हे जो मोडील त्यानं नवरा-नवरीचं वाईट चिंतलं. भांडणारे आणि बघे मिळून चाळीसेक बाप्ये धपाधप खाली बसले. शेखररावही बसले, ताट मांडीवर घट्ट धरून.

देवांची नावं झाली. आता मान थोरांचा. सावळीनं श्वास घेतला आणि नाव घेतलं हर्षित ड्रायव्हरचं!

अक्षदाची आई चंदा कासावीस झाली. "आत्ये, आधी व्याही ना?"

"जो शेवटी उठला त्यो आधी येल," सावळी गाण्याच्या चालीतच म्हणाली, आणि त्याच्या जोडीला तिनं मांडववाल्याला उठवलं.

दोघं ओशाळून पाट्याशी आले. हर्षितनं पाना खाली ठेवला, कारण पाना धरून हळद लावता येत नाही. ताजी वाटलेली हळद त्यांनी एकमेकांच्या गालांना लावली. मग काका आणि मामा. काकानं बोटभर लावली. मामानं काकाच्या टकलावर पंजाच उमटवला! बायका फिदीफिदी हसल्या. काकानंही मग उट्टं काढलं, मामाचा पांढरा शर्ट पार कामातून गेला. जसे एकामागून एक उठले होते, तसे सावळीनं उलट्या क्रमानं एकेकाला रंगवून बसवलं.

राहिले दोघं. मुळातले.

सावळीचा घसा बसत आला होता. तरी तिनं शेखररावांचं नाव असं ताणलं की कुत्रीसुद्धा गप्प झाली. शेखरराव उठले. ताट हातात असताना हळद लावायची कशी? त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. ताट धरायला कुणीही पुढं येईना, काकासुद्धा नाही. शेवटी वाकून त्यांनी ते होतं तिथंच, अक्षदाच्या पाटासमोर ठेवलं. मुलाची उष्टी हळद बोटांवर घेऊन तिच्या कपाळाला लावली. "सुखी ऱ्हा, पोरी," ते म्हणाले. मग ते शामकडं वळले, आणि दोघांनी एकमेकांना असं माखलं की व्याही कुठला आणि बाप कुठला, ओळखू येईना.

बँजो दणाणला. अक्षदा हसत होती, रडतही होती. चंदानं सावळीला कडकडून मिठी मारली. जिंकली होती म्हातारी! पदर सावरत ती ऐटीत बसली आणि तिनं चहा मागितला, डबल साखरेचा.

खुर्चीवरचा मोबाइल आता काळा पडला होता. शेखररावांनी तो उचलला, अंगठा टेकवला. उघडेना. पुन्हा टेकवला. हळदीनं माखलेला अंगठा मोबाइल ओळखेचना.

"आत्ये," ते ओशाळं हसत म्हणाले, "तिकडं आता काय झालं असंल?"

सावळीनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"काय व्हनार? उभेच असतील सगळे. त्यांना अजून कुनी खाली बसवलं नाय."