तिसऱ्या पिढीचा

“काकू, तो आय-फाइव्ह प्रोसेसरचा असला तरी तिसऱ्या पिढीचा, जुना. हा आय-थ्री, पण सातव्या पिढीचा, वेगवान. त्याचं नाव मोठं, लक्षण खोटं!” जुने लॅपटॉप विकणाऱ्या मुनीरने दोन्ही शेजारी-शेजारी मांडले. किंमत सारखीच होती.

हेमलताबाईंनी पेनड्राइव्ह पुढे केला. त्यात नवऱ्याचा अपुरा बोलीकोश होता. अकरा वर्षांचं काम, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं. घरचा कॉम्प्युटर बंद पडल्यापासून ते अडलं होतं.

आय-थ्रीने फाइल क्षणात उघडली. पण शब्दांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बसेना. बाईंचा चेहरा उतरला.

आय-फाइव्ह रडतखडत सुरू झाला. त्यावर जुनी विंडोज होती, सॉफ्टवेअर बसलं. पडद्यावर शब्द उमटले: हडकी, हरळी, हाळी.

“हाच दे.”

“अहो, ही गोगलगाय आहे! कामाला वेग कसा येणार?”

“अरे, अर्धांगाचा झटका आल्यापासून आमचे हे दिवसाला दोनच शब्द सांगतात, मी टाइप करते,” बाई म्हणाल्या. “मला त्यांच्या पुढे पळायचं नाहीये.”