सासरचं नाव

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या आमच्या बेटाला सरकारने आमच्यातलाच पोलीस दिला, एनोसा. घरचा माणूस असला की चोर लगेच सापडतो म्हणे. सापडलाही! दवाखान्याच्या बोटीतलं पेट्रोल त्याच्याच मेहुण्याने पळवलं, भर दुपारी, अख्ख्या किनाऱ्यादेखत. नर्सबाई तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन बोटीत नुसत्या बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने मोठे साहेब आले.

"चोराचं नाव सांग."

"बायकोचा भाऊ आहे, साहेब. मेहुणा कुठल्याही बाजूचा असो, त्याचं नाव आम्ही तोंडाने घेत नाही."

"मग लिहून दे."

"लिहिणं म्हणजे घेणंच की."

साहेब शेजारच्या म्हाताऱ्या आजीकडे वळले. "आजी, तुम्ही तरी सांगा."

"मी कशाला? पोलीस तो आहे ना!"

साहेबांनी 'चोर अज्ञात' असा शेरा मारला आणि हेलिकॉप्टर उडालं.



रविवारी चर्च सुटल्यावर एनोसाच्या बिनलग्नाच्या बहिणीला एकदम तीन स्थळं चालून आली. तिघंही एनोसाच्या वहीतले जुने संशयित.